रेड बोलमधून झिरकॉन काढताना: घाटापासून लेझरपर्यंतच्या नोंदी

दख्खनच्या दोन लाव्हांच्या मधे जो तांबडा पट्टा (म्हणजेच रेड बोल) असतो त्यातून झिरकॉन या खनिजाचे बारीक दाणे काढून, त्यांतल्या युरेनियमचं किती लेड झालंय यावरून वय काढायचं असेल तर या नोंदी कामाला येतील. थिअरी पुस्तकांत भरपूर आहे, ती इथे नाही. एवढंच लक्षात ठेवा की आपल्या साध्या काळ्या बेसाल्टमध्ये स्वतःचा झिरकॉन जवळपास नसतोच, म्हणून लाव्ह्याचं वय झिरकॉनवरून थेट मिळत नाही. पण एक लाव्हा थंड होऊन दुसरा यायच्या मधल्या काळात कुठूनतरी उडून आलेली सिलिकावाली राख त्या पट्ट्यात अडकलेली असते आणि तिच्यात झिरकॉन असतात. ब्लेअर शोएन आणि मंडळींनी २०१५ मध्ये हेच करून दाखवलं आणि मुख्य उद्रेक डायनासोर संपायच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला असं मांडलं. त्यांना दाणे मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळतील, एवढ्या भरवशावर आम्ही सुरुवात केली.

८ फेब्रुवारी, आंबेनळी घाट

वनखात्याचं पत्र हातात आल्यावरच निघालो, ते यायलाच दिवाळीपासून संक्रांत उजाडली. हा वेळ प्लॅनमध्ये धरा, कुणी धरत नाही. जीप आणि डिझेल मिळून साडेसात हजार.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना रस्त्याच्या कापात पट्टे लांबूनच दिसतात. आम्ही धरलेला पट्टा वीत-दीड वीत जाड, वरचा लाव्हा जिथे बसलाय तिथे भाजून विटेसारखा कडक झालेला आणि खाली मऊ, नखाने उकरला जाईल असा. अडचण पट्ट्याची नव्हती, रस्त्याची होती. पलीकडेच नवी संरक्षक भिंत बांधलीय, तिची वाळू आणि सिमेंटचं पाणी कापावरून ओघळलेलं स्पष्ट दिसत होतं. नदीच्या वाळूत झिरकॉन असतो आणि तो कुठल्या डोंगरातला असेल सांगता येत नाही, म्हणून वरचा हातभर भाग खणून टाकून दिला आणि आतलं ताजं घेतलं. मुळं दिसली की ती जागा सोडायची, मुळाच्या भोकातून वरची माती खाली उतरते.

कडक भाग वेगळ्या पोत्यात, मऊ वेगळ्या. दोन्ही मिळून २० किलोच्या आसपास. प्रत्येक पोतं दुहेरी, आतल्या पिशवीत लेबल, बाहेरही लेबल. बाहेरचं लेबल पुसलं जातंच.

१२ फेब्रुवारी

कडक भाग जॉ क्रशरमधून, म्हणजे दोन लोखंडी जबड्यांत दगड फोडणाऱ्या यंत्रातून काढला. क्रशर डिपार्टमेंटचा, सगळ्यांचा मिळून एक. आधी ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, मग असिटोन, नेहमीची सफाई केली. (पुढे ३ एप्रिलची नोंद वाचा आणि मगच क्रशरला हात लावा.)

१४ ते २० फेब्रुवारी, चिखल

हा आठवडा अक्षरशः चिखलात. माती पाण्यात टाकली की विरघळेल असं वाटतं, ती विरघळत नाही, हरभऱ्याएवढे गोळे तसेच राहतात. कॅल्गॉन म्हणजे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून रात्रभर ठेवल्यावर गोळे सुटले, पण मग पाणी असं काही लाल झालं की दोन दिवस ठेवलं तरी खाली बसेना. त्यातच अर्धी बादली सिंकमध्ये ओतली गेली आणि सिंक तुंबलं. लॅबचे काका म्हणाले, "मॅडम, ही माती बाहेर झाडाला घाला, पाइपात घालू नका, प्लंबरचे पैसे कोण देणार?" प्लंबरचे आठशे आमच्याच ग्रँटमधून गेले.

खरा घोळ वेगळा होता. आम्ही चार किलो माती एका बादलीत कालवत होतो आणि "सगळं खाली बसू दे, मग वरचं ओतू" म्हणून थांबत होतो. दोन्ही उलटं करायचं. हिशोब असा: ३० मायक्रॉनचा झिरकॉन स्वच्छ पाण्यात सेकंदाला पावणेदोन मिलिमीटर खाली जातो, म्हणजे वीतभर पाण्यातून तो दोन मिनिटांत तळाला. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर जायला अर्धा दिवसाहून जास्त घेतो. म्हणजे ढवळायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि वरचं लाल पाणी बिनधास्त ओतून द्यायचं. पण हा हिशोब पातळ पाण्याचा आहे. चार किलोच्या दाट राड्यात झिरकॉन तीन मिनिटांत कुठला तळाला जातोय, तो मधेच लटकतो आणि आपण त्याला झाडाला घालून येतो. बादलीला एक किलोच्या वर माती नको, शेवटी शेवटी तर मी अर्धा किलोच घेत होते. आधीच्या ओतलेल्या पाण्यातलं किती गेलं त्याचा पत्ता नाही. मऊ भागातले आठेक किलो असे निकामी धरले.

ढवळायला ड्रिल मशीनला रंग ढवळायचं पातं लावलं, साडेतीनशे रुपये, अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात वसूल झालेली खरेदी.

२४ फेब्रुवारी

गाळ २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढला. पितळी चाळण्या वापरल्या नाहीत, जाळीत जुन्या नमुन्याचे दाणे अडकून बसतात आणि ते कितीही अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, निघत नाहीत. नायलॉनचं चाळणीचं कापड मीटरवर मिळतं, पीव्हीसी पाइपच्या रिंगवर ताणून बसवायचं आणि काम झालं की फेकून द्यायचं. एका नमुन्याला एक कापड.

मग तांदूळ रोळतात तसं उथळ ताटात रोळत बसायचं. वजनदार काळी रेघ एका कडेला जमते, हलकं पुढे वाहून जातं. हे हाताला बसायला वेळ लागतो. सरावाला साध्या वाळूत मोजून पन्नास शिशाचे बारीक छर्रे टाकायचे आणि किती परत मिळतात बघायचं असं एका पोस्टडॉकने सुचवलं होतं, पण लेड मोजायच्या कामात लॅबमध्ये शिसं आणायची आयडिया कुणाच्या डोक्यातून येऊ शकते मला कळत नाही. आम्ही तांब्याचा कीस घेतला.

१ मार्च

काळी रेघ म्हणजे नव्वद टक्के मॅग्नेटाइट आणि हेमटाइट. नियोडिमियमचं चुंबक पिशवीत गुंडाळून फिरवलं तर मॅग्नेटाइटची झुपकी उठतात आणि त्या झुपक्यांच्या पोटात झिरकॉनही उचलले जातात. उपाय सोपा, सगळं अल्कोहोलमध्ये बुडवून मग चुंबक फिरवायचं, झुपका दोन-तीनदा सोडून परत उचलायचा.

उरलेल्या दाण्यांवर गंजासारखं लाल पुट होतं. ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये गरम केल्यावर तासाभरात दाणे चकचकीत.

९ मार्च, जड द्रव

मेथिलीन आयोडाइड, घनता ३.३२. झिरकॉनची ४.६ च्या वर, म्हणून तो बुडतो आणि फेल्डस्पार, काच, झिओलाइट वगैरे तरंगतात. छोटी बाटली आठ हजारांच्या घरात, म्हणून थेंबथेंब परत मिळवायचा. फ्यूम हूडशिवाय उघडायचा नाही, वाफ वाईट आहे. उजेडात ठेवला की आयोडीन सुटून चहासारखा काळा होतो आणि मग फनेलमध्ये काय बुडालं ते दिसत नाही, बाटलीत तांब्याच्या तारेचे तुकडे टाकून ठेवा, परत पिवळा होतो. आणि फ्रिजमध्ये नको, पाच-सहा अंशाला गोठतो. आमचा गोठला होता, नुकसान काही नाही पण अर्धी सकाळ गेली.

बुडालेलं जे हाती आलं ते चिमटीच्या दहाव्या हिस्स्याएवढं. इतक्या किलोंतून एवढंच येतं.

फ्रॅन्झ, म्हणजे मॅग्नेटिक सेपरेटर, मी इथे मुद्दाम टाळला. एवढ्याशा पावडरीतले दाणे त्याच्या पन्हाळीला चिकटून राहतात आणि पन्हाळीला आधीच्याचे चिकटलेले आपल्यात येतात.

११ मार्च ते २२ मार्च, वेचणी

पंखा बंद. हे मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर लावलंय. मार्चमध्ये पुण्यात पंखा बंद ठेवून बायनॉक्युलर मायक्रोस्कोपवर बसणं म्हणजे शिक्षा आहे, पण एकदा कुणीतरी दार उघडून पंखा लावला आणि काचेच्या बशीच्या कडेचे कोरडे दाणे उडाले. तेव्हापासून सगळं अल्कोहोलमध्ये ठेवूनच वेचते.

२५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा मारला की बरेचसे झिरकॉन पिवळट चमकतात, डोळ्यांचं अर्धं काम वाचतं. गॉगल हवाच.

दिसतात कसे ते सांगते कारण पुढचं सगळं यावर आहे. एक जात लांब, सुईसारखी, टोकं धारदार, पाण्यासारखी पारदर्शक, आणि आत लांबुळके बुडबुडे, म्हणजे स्फटिक वाढताना अडकलेला वितळलेला रस. ही राखेतली. दुसरी जात गुलाबीसर, बुटकी, कडा गोल झालेल्या, पृष्ठभाग दुधी. दोन्ही मिळाल्या. दुसरी जात जास्त मिळाली तेव्हाच जरा खटकलं होतं.

३० मार्च, लेझर

दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये लेझर आयसीपी-एमएसचा (लेझरने दाण्याचा टिपका उडवून त्यातलं युरेनियम-लेड मोजणारं मशीन) स्लॉट मिळाला. एपॉक्सीच्या गोळीत दाणे बसवून, घासून, पॉलिश करून नेले. सकाळी प्लेशोविसे हा स्टँडर्ड, म्हणजे आधीच माहीत वयाचा झिरकॉन, ३३७ दशलक्ष वर्षं यायला हवा तो ३४२ देत होता, गॅसचा फ्लो जमेपर्यंत दुपार. स्लॉटचे पैसे तासावर असतात, स्टँडर्ड जमेपर्यंतचेही.

सुईसारखे दाणे ६५ ते ६७ दशलक्षमध्ये आले. मशीनसमोर उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू. मग गुलाबी दाणे. पहिला २,५१८. दुसरा २,५२५. तिसरा २,५०९. ६६ दशलक्षाच्या दाण्यात युरेनियम-२३८ च्या दर शंभर अणूंमागे लेड-२०६ चा जेमतेम एक असतो, या दाण्यांत ४७ च्या आसपास. ऑपरेटरने माझ्याकडे बघून विचारलं, हा दख्खनचाच नमुना आहे ना?

३१ मार्च

सरांचं पहिलं मत असं की वाऱ्याने आलेले असतील, धारवाडचे अडीच अब्ज वर्षांचे खडक दक्षिणेला पसरलेले आहेतच, आणि तसं खरंच होऊ शकतं. मलाही ते पटलं, किंवा पटवून घ्यायचं होतं, कारण तसं असेल तर पेपरमध्ये एक छान परिच्छेद होतो.

आमच्या मजल्यावर उल्कांवर काम करणारी एक मैत्रीण आहे, काटोलला २२ मे २०१२ ला पडलेल्या उल्केसारखे तुकडे तिच्या रोजच्या बोलण्यातले. तिने आलेख बघितला आणि एकच विचारलं, तुझा ब्लँक कुठाय? ब्लँक म्हणजे नमुना न घालता सगळं तसंच करून बाहेरून काय मिसळतंय ते बघायची चाचणी. तिच्याकडे ब्लँकशिवाय पान हलत नाही, कारण उल्का जमिनीवर पडल्यापासून पृथ्वीवरचं लेड शोषत असते. ते लोक दाणे अॅसिडने टप्प्याटप्प्याने धुतात आणि पहिल्या धुण्यांतलं लेड सरळ बाजूला काढतात. सूर्यमालेतल्या सगळ्यात जुन्या कणांचं ४,५६७.३ दशलक्ष हे वय असं धुऊन धुऊन आलेलं आहे. क्लेअर पॅटरसनचंही तेच, शिकागोत असताना त्याच्या नमुन्यांत असायला हवं त्याच्या कितीतरी पट लेड यायचं. हवेतून, नळाच्या पाण्यातून, अंगावरच्या धुळीतून. ते घालवण्यात वर्षं गेली आणि मग कुठे १९५६ मध्ये कॅन्यन डायाब्लो उल्केवरून पृथ्वीचं ४.५५ अब्ज वर्षं हे वय त्याने छापलं.

माझ्याकडे केमिस्ट्रीचा ब्लँक होता. क्रशरचा नव्हता.

३ एप्रिल, क्रशरचा ब्लँक

लोक यासाठी क्वार्ट्झ चालवतात, पण शिरेतल्या क्वार्ट्झमध्ये स्वतःचे झिरकॉन असू शकतात. म्हणून त्याच घाटातला ताजा, टणक काळा बेसाल्ट घेतला. त्यात झिरकॉन नसतो, म्हणजे त्यातून झिरकॉन निघाला तर तो क्रशरचा. पाच किलो चालवला, तेच धुणं, तोच द्रव, तीच वेचणी.

गुलाबी दाणे निघाले. गोल कडांचे, दुधी, डिट्टो तेच.

मग क्रशरचं रजिस्टर काढलं. आमच्या आधी जानेवारीत कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट दळला गेलाय, त्याचं वय अडीच अब्जांच्या जरासं पुढे. जबड्याच्या मागच्या प्लेटचे नट उघडले तर आत बोटभर भुकटी दाबून बसलेली. ब्रश आणि हवा तिथे पोचतच नाही. ती प्लेट कधी उघडली होती असं काकांना विचारलं तर ते म्हणाले, "उघडते?"

यात दिवस गेले, लेझरच्या स्लॉटचे निम्मे पैसे ग्रॅनाइटचं वय मोजण्यात गेले आणि ते वय सगळ्यांना आधीच माहीत होतं.

११ एप्रिल

मऊ भागातली राखून ठेवलेली पोती काढली. क्रशर नाही, दळण नाही. नवीन कापडात गुंडाळून लाकडी हातोड्याने गोळे फोडले, बाकी सगळं पाण्यावर. नवं ताट, नवं फनेल, नवं नायलॉन. यावेळी सुया निघाल्या, आणि गुलाबी दाणा निघाला तो एकच. त्याचं काय करायचं? तो खरंच वाऱ्याने आलेला असेल किंवा माझ्या जुन्या चिमट्यावरून. तो वेगळ्या कुपीत ठेवलाय, लेबलवर "अनाथ" लिहिलंय. त्याच्यावरून कुठलाही निष्कर्ष काढणार नाही, छान परिच्छेद गेला तर गेला.

१९ एप्रिल

ज्युनियर विचारत होता, की लेझरने ६६ आलंच आहे तर मग पुढे परदेशी पाठवायची भानगड कशाला. लेझरची चूक एका दाण्याला वर-खाली दशलक्षभर वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि शोएनच्या हिशोबात दख्खनचा मुख्य उद्रेकच सगळा मिळून साडेसात लाख वर्षांचा. म्हणजे आपली फूटपट्टीच वस्तूपेक्षा मोठी. डायनासोर संपले त्या वेळची चिक्शुलूबची उल्का ६६.०४ दशलक्ष वर्षांपूर्वी पडली, आपला पट्टा तिच्या आधीचा की नंतरचा हे सांगायला चूक वीस-तीस हजार वर्षांच्या आत हवी, ते टिम्सनेच होतं, म्हणजे अख्खा दाणा विरघळवून लेड-युरेनियम जास्त नेमकं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने.

आणि तरीही भांडण मिटत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकाच्या एकाच अंकात शोएनचा गट झिरकॉनवरून म्हणतो की लाव्हा मोठमोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक मोठा झटका उल्केच्या जरा आधी, तर कोर्टनी स्प्रेनचा गट फेल्डस्पारच्या आर्गॉनवरून म्हणतो की बहुतेक लाव्हा उल्केनंतरचा आणि तो बऱ्यापैकी सलग. घाट एकच, लाव्हा तेच. मला स्वतःला झिरकॉनची बाजू जास्त भक्कम वाटायची. आता इतकी वाटत नाही, कारण पट्ट्यातला दाणा राख पडायच्या आधीच मॅग्मात बनून बसलेला असू शकतो. सगळ्यात तरुण दाण्यावरून एवढंच म्हणता येतं की पट्टा त्याच्याहून जुना नाही.

२६ एप्रिल

टिम्ससाठी दाणे निवडताना सुंदर दाण्यांचा मोह टाळा. मोठा, जाड दाणा बघितला की हात तिकडे जातो, पण त्याच्या पोटात जुना गाभा असायची शक्यता जास्त. मी बारीक, लांब, आत मधोमध बुडबुड्याची रेघ असलेले घेतले. रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ असेल तर आत जुना गाभा बसायला जागाच नाही. भेगा असलेले बाद, लालसर डाग असलेले बाद.

लेझरच्या गोळीतले चांगले दाणे सुईने उकरून काढले. त्यात दोन तुटले. तुटलेला अर्धाही चालतो, लेड-युरेनियमचं प्रमाण अर्ध्यातही तेच असतं.

३ मे

९०० अंशाला ६० तास भाजणं, मग परदेशातल्या लॅबमध्ये ते हायड्रोफ्लोरिक अॅसिडमध्ये टाकणार. किरणांनी खराब झालेला, लेड गळालेला भाग आधी विरघळून जातो आणि धड भाग उरतो, जेम्स मॅटिन्सनने २००५ मध्ये मांडलेली पद्धत. हे अॅसिड आमच्याकडे वापरायची सोय धड नाही म्हणून ते काम इथे करायचं नाही असं ठरलं, आणि ते बरोबरच आहे. ज्यांना करावं लागेल त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नका.

भट्टी चालू असताना रात्री लाइट गेली. किती वेळ गेली कळायला मार्ग नाही, भट्टीचं घड्याळही तिच्याबरोबर बंद पडलं. सर म्हणाले जास्त भाजलं तर बिघडत नाही, कमी नको, म्हणून साठ तास परत पहिल्यापासून. भट्टीच्याच लाइनवर विजेवर चालणारं साधं काट्याचं घड्याळ लावा, किंवा वॉचमनकाकांना सांगून ठेवा.

१० मे

कुरियर. फॉर्मवर "माती" किंवा "सॉइल" हा शब्द चुकूनही नको, माती म्हटलं की क्वारंटाइनचे परवाने लागतात आणि पाकीट अडकतं. "खनिजाचे कण, संशोधनासाठी, व्यापारी किंमत नाही" असं लिहायचं, तेच खरंही आहे. काउंटरवरच्या माणसाला पाकिटात काहीच दिसेना, त्याने दोनदा हलवून बघितलं. दाणे दुहेरी कुपीत, कुपी डब्यात, आणि प्रत्येक दाण्याचा फोटो माझ्याकडे.

नंबर लागायला पाऊस संपेल असं तिकडून कळवलंय. तोवर खालच्या पट्ट्याची पोती भिजत घातलीयेत, बादलीला अर्धा किलो. क्रशरच्या मागच्या प्लेटची सफाई आता रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात सही घेऊन होते, सही काकांची.